सातवीनंतर कोणते गणित?

अंकगणितातून बीजगणितात जाण्याचा टप्पा हा शालेय गणितातील सर्वांत निसरडा टप्पा असून, तो बहुतेक मुलांच्या वाट्याला वयाच्या अकराव्या ते चौदाव्या वर्षांदरम्यान, म्हणजे महाराष्ट्रातील हिशेबाने सहावी ते आठवीत येतो. अमेरिकेतील शाळांमध्ये या टप्प्यासाठी ‘प्री-अल्जिब्रा’ नावाचा वेगळा अभ्यासक्रम असतो. ऋणसंख्या, अपूर्णांक, गुणोत्तर, शेकडेवारी आणि एकाच अज्ञाताची सोपी समीकरणे हा त्याचा गाभा असल्याने त्याला बीजगणितपूर्व गणित म्हणता येईल. हे गणित संपल्यावर मुलाने पुढे काय घ्यावे, हा प्रश्न तिकडे पालकांना शाळेच्या अर्जावरच विचारला जातो. अहिल्यानगर जिल्ह्यातील पालकांना तो असा थेट कोणी विचारत नाही, पण त्यामुळे प्रश्न नाहीसा होत नाही, तो वेश पालटून येतो. आठवीत सेमी-इंग्रजीची तुकडी घ्यावी की मराठी माध्यमातच राहू द्यावे, राज्य मंडळाची शाळा सोडून सीबीएसईकडे जावे का, तालुक्याच्या गावी निघालेल्या ‘फाउंडेशन’ वर्गात नाव घालावे का, नववीच्या जागांसाठी नवोदयची परीक्षा द्यावी का, असे जे प्रश्न दर मे-जून महिन्यांत घरोघरी चर्चिले जातात, त्या सर्वांच्या मुळाशी मुलाचे पुढचे गणित कोणते आणि त्यासाठी ते तयार आहे का, हाच एक प्रश्न असतो.

राज्य मंडळाच्या वाटेवर निवडीला वाव थोडा आहे. २०१६ ते २०१८ या वर्षांत आलेल्या बालभारतीच्या पुस्तकांची रचना पाहिली तर बीजगणितपूर्व गणिताचा स्वतंत्र वर्ग न करता ते तीन इयत्तांत पसरून दिलेले आढळते. सहावीत पूर्णांक संख्या, अपूर्णांकांवरील क्रिया, गुणोत्तर-प्रमाण आणि समीकरणे येतात. सातवीत परिमेय संख्या, घातांक, बैजिक राशी आणि शेवटाकडे वर्गविस्ताराची सूत्रे येतात. आठवीत विस्तारसूत्रे, बैजिक राशींचे अवयव, बहुपदींचा भागाकार आणि एकचल समीकरणे, म्हणजे एकच अज्ञात असलेली समीकरणे, येतात. नववीपासून विषयाचे दोन भाग होतात, पहिला बीजगणिताचा आणि दुसरा भूमितीचा, आणि दहावीला दोन्हींच्या चाळीस-चाळीस गुणांच्या स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात. नवा राज्य अभ्यासक्रम २०२५-२६ मध्ये पहिलीपासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागल्याने वरच्या इयत्तांतील प्रकरणांची मांडणी यथावकाश बदलेल, परंतु कोणत्या कल्पनेवर कोणती कल्पना उभी राहते हे पुस्तक बदलल्याने बदलत नाही.

हा क्रम आधुनिक शिक्षणतज्ज्ञांनी शोधून काढला असेही नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी रचलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’त आधी ‘लीलावती’, म्हणजे ज्ञात संख्यांचे गणित, आणि त्यानंतर ‘बीजगणित’, म्हणजे अज्ञात राशींचे गणित, अशी मांडणी आहे. त्यातही ‘बीजगणिता’चा आरंभ समीकरणांनी होत नाही. धन आणि ऋण राशींवरील क्रिया, शून्यावरील क्रिया, अज्ञात राशींवरील क्रिया, करणी म्हणजे पूर्ण न निघणारी वर्गमुळे, असा पाया घातल्यावरच समीकरणांकडे वळावे असे त्या ग्रंथकर्त्याला वाटले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारल्याचा, १२०७ च्या सुमाराचा, नातू चांगदेवाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. म्हणजे नगरपासून फार दूर नसलेल्या भूमीत आठशे वर्षांपूर्वी हाच क्रम शिकवला जात होता, आणि आज सातवीतल्या मुलाची अडचण शोधायला बसले की ती पुष्कळदा याच क्रमातल्या वगळलेल्या पायरीवर सापडते.

या पायऱ्यांपैकी सर्वांत जास्त वगळली जाणारी पायरी अपूर्णांकांची आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सिगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतील मुलांच्या दीर्घकालीन माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यातून असे दिसले की, दहाव्या वर्षाच्या आसपास मुलाला अपूर्णांक आणि भागाकार किती समजतात, यावरून त्याचे माध्यमिक शाळेतील बीजगणित कसे असेल याचा अंदाज बांधता येतो. बुद्ध्यंक, घरची आर्थिक स्थिती आणि इतर गणिती कौशल्ये जमेस धरूनही हा संबंध टिकून राहिला. कारण उघड आहे. क्ष चा तिसरा भाग आणि क्ष चा चौथा भाग मिळून सात होतात, तर क्ष किती, असा प्रश्न आठवीत येतो तेव्हा ज्याला एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश मिळून सात द्वादशांश का होतात हे कळलेले नाही, त्याच्यापुढे दोन अडचणी एकदम उभ्या राहतात आणि शिक्षकाला मात्र त्यातली एकच, समीकरणाची, दिसते. असे मूल ‘बीजगणितात कच्चे’ ठरते, वस्तुतः ते पाचवीतच मागे राहिलेले असते. भागाकाराची स्थितीही चिंतेची आहे. प्रथम संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील आठवीच्या मुलांपैकी निम्म्याहून कमी, सुमारे ४६ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले.

दुसरी पायरी बरोबरच्या चिन्हाची आहे, आणि ती इतकी साधी वाटते की तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. पहिलीपासून मूल हे चिन्ह उत्तर लिहिण्याच्या आधीची खूण म्हणून वापरत आलेले असते. डावीकडे बेरीज, मग चिन्ह, मग उत्तर. त्यामुळे ८ अधिक ४ बरोबर रिकामी चौकट अधिक ५ असे लिहून चौकटीत कोणती संख्या येईल असे विचारले, तर पुष्कळ मुले १२ किंवा १७ लिहितात. ७ लिहिणारी थोडी असतात. अमेरिकेत १९९० च्या दशकात सहावीच्या मुलांना हाच प्रश्न विचारला गेला तेव्हा १२ आणि १७ हीच उत्तरे पुढे आली. हे चिन्ह दोन्ही बाजूंची किंमत समान असल्याचे सांगते हे ज्याला उमगलेले नाही, त्याला समीकरणाच्या दोन्ही बाजूंतून तीच संख्या वजा करण्याची क्रिया निरर्थक वाटते, आणि मग ‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ एवढा नियम पाठ करून ते वेळ मारून नेते. हा नियम आठवीपर्यंत साथ देतो. नववीत दोन चलांतील रेषीय समीकरणे आली, म्हणजे दोन अज्ञातांची दोन समीकरणे एकत्र सोडवायची वेळ आली, की तो साथ सोडतो.

तिसरी पायरी चिन्हांसह पदे ओळखण्याची. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात के. सुब्रमणियम आणि राखी बॅनर्जी यांनी सहावीच्या मुलांबरोबर अंकगणिताकडून बीजगणिताकडे जाण्याच्या मार्गावर काही वर्षे काम केले, आणि त्यांनी भर दिला तो या एका गोष्टीवर. १९ वजा ७ अधिक ४ हे उदाहरण पाहून बरीच मुले ७ आणि ४ ची आधी बेरीज करतात, ती ११ येते, ती १९ मधून वजा करतात आणि ८ असे उत्तर देतात. खरे उत्तर १६ आहे. याच राशीकडे अधिक १९, वजा ७ आणि अधिक ४ अशा तीन पदांचा समूह म्हणून पाहायला शिकवले, म्हणजे प्रत्येक संख्येला तिच्या डावीकडचे चिन्ह चिकटलेले आहे हे पक्के केले, की चूक आपोआप कमी होते. पुढे संख्यांच्या जागी अक्षरे आली तरी पाहण्याची रीत तीच राहते. एनसीईआरटीच्या सातवीच्या नव्या ‘गणित प्रकाश’ पुस्तकातही अक्षरांकडे वळण्याआधी केवळ आकड्यांच्या राशींना स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि हा बदल स्वागतार्ह आहे.

चौथी पायरी अक्षराच्या अर्थाची, आणि इथे शिकवण्यातील एक जुनी सवय बाधक ठरते. तीन आंबे आणि दोन केळी यांची बेरीज होत नाही, म्हणून ३अ अधिक २क यांचीही होत नाही, असे सांगण्याचा प्रघात वर्गावर्गांतून आहे. तात्पुरते मुलाचे समाधान होते, पण त्याच्या मनात अ म्हणजे आंबा ही वस्तू बसते. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात डिटमार कुखेमान यांनी मुले अक्षराचे अर्थ कसे लावतात याची वर्गवारी केली, तेव्हा अक्षराला वस्तू समजणे हा एक ठळक प्रकार म्हणून नोंदला गेला. अक्षर म्हणजे एक ठरावीक अज्ञात संख्या, अक्षर म्हणजे कोणतीही संख्या, आणि अक्षर म्हणजे बदलत जाणारी संख्या, या त्यापुढच्या समजुती होत. एका पेनाची किंमत प रुपये आणि एका वहीची किंमत व रुपये असेल तर ३प अधिक २व म्हणजे काय, असे विचारून पाहावे. ‘तीन पेने आणि दोन वह्या’ असे उत्तर आले तर मूल अजून वस्तूंच्या पायरीवर आहे. ‘तीन पेने आणि दोन वह्या घेतल्यावर होणारे एकूण रुपये’ असे आले तर ते पुढे गेले आहे.

बदलत जाणाऱ्या संख्येसाठी अक्षर का लागते याचे उत्तम उदाहरण जिल्ह्यातच आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजारची ग्रामसभा पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडते, म्हणजे किती पाणी पडले, किती साठले, पिण्याला आणि जनावरांना किती लागेल, आणि उरलेल्यावर कोणती पिके घेता येतील याचा हिशेब करते. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटर पाणी मिळते. गावाचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर धरले आणि एखाद्या वर्षी ३०० मिलिमीटर पाऊस झाला, तर १० गुणिले ९७७ गुणिले ३००, म्हणजे २९ लाख ३१ हजार घनमीटर पाणी गावाच्या शिवारात पडले. इथवर अंकगणित आहे. परंतु पुढच्या वर्षी पाऊस निराळा असतो, म्हणून पावसाच्या जागी प हे अक्षर घातले की ९७७०प एवढ्या एका राशीत सगळ्या वर्षांचा हिशेब मावतो. आता प्रश्न उलटा करून पाहता येतो. समजा, गावाला वर्षाला २० लाख घनमीटर पाणी लागते आणि पडलेल्या पाण्यापैकी अर्धेच हाती राहते. तर ४८८५प बरोबर २० लाख हे समीकरण मिळते आणि प सुमारे ४०९ मिलिमीटर येतो. सातवीच्या मुलाला एवढा हिशेब एकदा मांडू दिला, आकडे त्याच्याच गावचे घेऊ दिले, तर अक्षर कशासाठी हे त्याला वेगळे समजवावे लागत नाही. अवर्षणप्रवण जिल्ह्यातील मुलाला याहून जवळचे उदाहरण क्वचितच मिळेल.

या चार पायऱ्या पक्क्या आहेत की नाहीत हे कळायला मोठी चाचणी लागत नाही. मुलाची गेल्या वर्षीची वही आणि शिक्षकासोबत अर्धा तास पुरेसा असतो. चूक एकदाच झालेली आहे की तीच चूक निरनिराळ्या उदाहरणांत पुन्हापुन्हा झालेली आहे, हे वहीत पाहावे, कारण पहिली घाईची असते आणि दुसरी समजुतीची. तीन चतुर्थांश मोठा की पाच सप्तमांश, असे विचारून मुलाला उत्तरासोबत कारणही सांगायला लावावे; छेद समान करून २१ आणि २० अठ्ठाविसांश असे सांगणारे मूल तयार आहे, आणि ‘पाच आणि सात मोठे आहेत म्हणून’ असे म्हणणारे मूल, त्याला वार्षिक परीक्षेत नव्वद गुण असले तरी, तयार नाही. एका संख्येच्या तिपटीतून ५ वजा केल्यावर १६ उरतात, ती संख्या कोणती, हे मूल ७ असे तोंडी सांगेल. पण तेच वाक्य समीकरणात लिहायला सांगितल्यावर अडेल, तर त्याला अंकगणित येते आणि बीजगणिताची भाषा यायची आहे असे समजावे. गुणपत्रिका यातले काहीच सांगत नाही.

तयारीचे हे चित्र हाती आल्यावर निवडीचे प्रश्न बरेच सोपे होतात. जिल्ह्यात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न सेमी-इंग्रजीचा, म्हणजे मराठी माध्यमाच्या शाळेत राहून गणित आणि विज्ञान हे दोन विषय इंग्रजीतून शिकण्याचा आहे. अकरावीला विज्ञान शाखा घेतल्यावर सारे इंग्रजीतच असते, म्हणून आधीपासून सवय असावी, हा पालकांचा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत मराठीत शिकलेले मूल आठवीत मोठ्या गावच्या हायस्कुलात जाते तेव्हा शाळा, शिक्षक आणि सोबती बदललेले असतात. त्याच वर्षी अवयव आणि बहुपदी येतात. आणि त्याच वर्षी भाषाही बदलली, तर शाब्दिक उदाहरणात नेमके काय अडले, इंग्रजी की गणित, हे कोणालाच कळत नाही. ज्याचे अपूर्णांक आणि पूर्णांक पक्के आहेत आणि जो इंग्रजीतले चार ओळींचे उदाहरण वाचून त्याचा आशय मराठीत सांगू शकतो, त्याने सेमी घ्यायला हरकत नाही. यातले एकही नसेल तर भाषेचा बदल वर्षभर पुढे ढकलणे हेच हिताचे. सेमी घ्यायचेच असेल तर ते पाचवी-सहावीत, गणित अजून आकड्यांचे असताना घेणे केव्हाही बरे.

सीबीएसईकडे जाण्याचा विचार करणाऱ्यांनी भूमितीकडे लक्ष द्यावे. राज्य मंडळात नववी-दहावीला भूमितीचे स्वतंत्र पुस्तक आणि अर्धी प्रश्नपत्रिका आहे, सीबीएसईत गणिताचे एकच पुस्तक आहे, आणि प्रश्नांचा रोखही थोडा निराळा असतो. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरच्या जवाहर नवोदय विद्यालयात मुख्य प्रवेश सहावीत, पाचवीत असताना दिलेल्या परीक्षेने होतो. नववीत रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते आणि तिच्यात आठवीच्या पातळीचे गणित विचारले जाते. ग्रामीण भागातील हुशार मुलासाठी ही खरी संधी आहे, आणि त्या तयारीच्या निमित्ताने जुन्या घटकांची उजळणी होते हा जास्तीचा लाभ.

‘फाउंडेशन’ वर्गांबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. अकरावी-बारावीच्या अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांची तयारी सहावी-सातवीपासून करून घेण्याचा दावा करणारे वर्ग आता नगर शहराबरोबर तालुक्याच्या गावीही दिसतात. जे मूल शाळेच्या गणितात सहज पुढे आहे आणि ज्याला अवघड उदाहरणांची गोडी आहे, त्याचा अशा वर्गात तोटा होत नाही. इतर मुलांच्या बाबतीत दहावीची सूत्रे सातवीत पाठ करून घेतली जातात आणि तीच मुले नववीत, सूत्राचा उगम विचारल्यावर, गप्प होतात. वेग वाढवणे आणि खोली वाढवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गणितात खरोखर रमणाऱ्या मुलाला पुढच्या इयत्तेचे पुस्तक हाती देण्यापेक्षा त्याच इयत्तेतील कल्पनांवरची कठीण उदाहरणे देणे अधिक फलदायी ठरते. पुण्यातील भास्कराचार्य प्रतिष्ठान, जे १९७६ मध्ये श्रीराम अभ्यंकर यांनी स्थापन केले, शालेय मुलांसाठी प्रज्ञाशोध स्पर्धा आणि ऑलिंपियाडचे मार्गदर्शन चालवते, आणि आठवीपासून पुढच्या मुलांना राष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या टप्प्याची परीक्षा देता येते. स्वतः अभ्यंकर हे जगन्मान्य बीजभूमितितज्ज्ञ होते आणि शाळेत शिकवल्या जाणाऱ्या बीजगणिताची ताकद ते आयुष्यभर आवर्जून सांगत आले, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे हाच प्रश्न अधिक उघडपणे येतो. तिथे आठवीत ‘अल्जिब्रा-१’ घेणाऱ्या मुलाला भूमिती, ‘अल्जिब्रा-२’ आणि पूर्वकलन अशी शिडी चढून बारावीत कलनशास्त्र, म्हणजे बदलाच्या वेगाचे गणित, गाठता येते. नववीत सुरू करणाऱ्याला ते सहसा जमत नाही. यातून आठवीत बीजगणित कोणाला मिळते हा सामाजिक न्यायाचा प्रश्न बनला. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांनी २०१४ मध्ये आठवीतले बीजगणित बंद करून सर्वांना ते नववीतच देण्याचे ठरवले, दहा वर्षे त्यावर वाद झाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शिक्षण मंडळाने ते परत आणण्याचा निर्णय घेतला. मार्चमध्ये मतदारांनीही सल्लात्मक मतदानात तोच कौल दिला.

महाराष्ट्रानेही फाटा फोडून पाहिला आहे. बीजगणित-भूमिती जड जाते म्हणून नववी-दहावीला ‘सामान्य गणित’ असा पर्याय काही वर्षे उपलब्ध होता. नापास होण्याच्या भीतीने अनेक मुलांनी, आणि त्यांच्या वतीने अनेक शाळांनी, तो स्वीकारला. पण तो घेतल्यावर पुढे विज्ञान शाखेत गणित घेण्याची वाट जवळजवळ बंद होत असे, आणि हे पुष्कळांना अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच कळे. २०१७-१८ पासून नववीसाठी हा पर्याय बंद करण्यात आला. सीबीएसईने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोन स्तर आणले, त्यात अभ्यासक्रम आणि पुस्तक एकच ठेवून फक्त प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी वेगळी ठेवली; बेसिक घेणाऱ्यांना अकरावीत गणित घेण्यावर असलेला निर्बंधही नंतर वेळोवेळी शिथिल झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही गणितापासून सुरुवात करून विषय दोन स्तरांवर देण्याची कल्पना मांडलेली आहे. दोन्ही अनुभव शेजारी ठेवले तर सीबीएसईची रीत अधिक माणुसकीची ठरते, कारण तिच्यात शिकवायचे ते सर्वांना शिकवले जाते. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाला बीजगणितापासून वेगळे काढणे म्हणजे अभियांत्रिकी पदविका, संगणक, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि वाणिज्य शाखेतील गणित या सगळ्यांपासून त्याला दूर करणे होय, आणि तो निर्णय त्या वयात कोणी घेऊ नये.

जिल्ह्यातील एका मोठ्या गटाला मात्र निवडीची चर्चाच परकी आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकातील अठरा प्रकरणांत समीकरणांचे प्रकरण दहावे आहे; सातवीच्या पंधरा प्रकरणांत वर्गविस्ताराच्या सूत्रांचे प्रकरण चौदावे आहे. म्हणजे बीजगणिताची दारे पुस्तकाच्या उत्तरार्धात, नेमक्या ऊसतोडीच्या हंगामात उघडतात आणि त्या वेळी ही मुले कारखान्याच्या तळावर कोपीत असतात. हंगामी वसतिगृहे आणि स्थलांतरित मुलांसाठीचे शिक्षण हमी पत्रक या सोयी शासनाने केल्या आहेत, आणि वसतिगृहात गावीच राहिलेल्या मुलाचे वर्ष वाचते. पण जे मूल आई-वडिलांबरोबर जाते, त्याला परतल्यावर वरच्या वर्गात बसवले जाते आणि आठवीत अवयव पाडता येत नाहीत म्हणून मठ्ठ ठरवले जाते. अशा मुलासाठी पुढचे गणित म्हणजे राहिलेले गणित होय. एप्रिल ते जून या काळात, शाळेतील एखाद्या शिक्षकाने त्याच्याकडून अपूर्णांक, पूर्णांकांची चिन्हे आणि सहावीतील समीकरणांचे एकच प्रकरण पक्के करून घेतले, तर आठवीतला बराचसा भाग त्याच्या आवाक्यात येतो. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात थोडी लवचीकता ठेवली, परतणाऱ्या मुलांच्या गैरहजेरीच्या महिन्यांत कोणती प्रकरणे झाली याची यादी वर्गशिक्षकाकडे ठेवली, तरी हे काम सुरू होऊ शकते. त्याला वेगळ्या योजनेची वाट पाहावी लागत नाही.

पालकांनी आठवीचा प्रवेश अर्ज भरण्याआधी मुलाची सातवीची गणिताची वही घेऊन त्याच्या शिक्षकांना भेटावे, त्याचे कोणते घटक राहिले ते विचारावे आणि माध्यम, मंडळ व शिकवणी यांचा निर्णय त्या उत्तरानंतर घ्यावा.